गालात दाणे, डोक्यात वाट

 मी कुडव्याहून बोलते आहे. एरवी या वेळेला मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि बँकेच्या पासबुकाबद्दल बोलते. आजचा विषय हॅमस्टर आहे. हसू नका. बचतगटाच्या बैठका ज्या घरांत होतात, त्यांतल्या तीन घरांत गेल्या वर्षभरात हा प्राणी आला आहे. पोरं मोबाइलवर बघतात, हट्ट धरतात आणि गोंदियाहून नाहीतर नागपूरहून पिंजऱ्यासकट घेऊन येतात. महिन्याभरात घरोघरी एकच तक्रार सुरू होते. मागच्या बैठकीत एका वहिनीने ती मोठ्याने सांगितली, "हे तं अगदीच मठ्ठ हाये जी. नाव घेतलं तं पाहत नाही, दिवसभर झोपून राहते, आन् रातच्याला पिंजऱ्याच्या तारा चावते." तिच्या सासूबाईंचं म्हणणं, याला नेऊन बांधीत सोडून द्या, उंदराची जात आहे, जगेल कुठंही.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. हा प्राणी खरंच मठ्ठ आहे का? आणि बांधीत सोडला तर जगेल का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते. जगणार नाही. का, ते पुढे येईलच.

उंदराच्या हुशारीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? आपण धानाच्या मुलखातल्या बाया. पुंजण्यात, ढोलीत, पोत्यात उंदराने काय केलं ते प्रत्येकीने पाहिलं आहे. कृषी विभागाची माणसं सांगतात की झिंक फॉस्फाईड घालण्याआधी दोन-तीन दिवस नुसतंच पीठ-तेलाचं आमिष बिळापाशी ठेवा. का ठेवायचं? कारण उंदीर नवीन खाणं दिसलं की एकदम तुटून पडत नाही. थोडंसं चाखतो आणि थांबतो. पोटात दुखलं तर ती चव तो पुन्हा तोंडाला लावत नाही. म्हणून आधी त्याचा विश्वास बसवावा लागतो. ज्याला फसवायला तीन दिवस तयारी करावी लागते त्याला आपण मठ्ठ म्हणत नाही. हुशार चोर म्हणतो.

हॅमस्टर उंदराचा लांबचा भाऊबंद आहे, पण त्याचा संसार वेगळा. उंदीर गोतावळ्यात राहतो, दुसऱ्याचं पाहून शिकतो. सोनेरी हॅमस्टर एकटा राहतो. एक बीळ, एक धनी. त्याचा मूळ मुलूख म्हणजे सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवरची गव्हाची शेती. तिथे तो बिळातून बाहेर पडतो, दाणे गोळा करतो आणि घरी आणतो. दाणे आणायला हात रिकामे नकोत का? म्हणून निसर्गाने त्याला दोन्ही गालांत थैल्या दिल्या आहेत. या थैल्या पार खांद्यापर्यंत मागे जातात. भरल्या की त्याचं डोकं अंगापेक्षा रुंद दिसतं. जर्मन भाषेत साठा करून ठेवण्याला जे क्रियापद आहे, ते या प्राण्याच्या नावावरूनच झालं आहे.

तो माणसाच्या घरात कसा आला, ही गोष्ट मला फार आवडते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात काळा आजारावर संशोधन चाललं होतं. हा तोच काळा आजार, ज्याने आपल्याकडे बिहारमध्ये पिढ्यान् पिढ्या माणसं मारली. शास्त्रज्ञांना प्रयोगासाठी त्या भागातला हॅमस्टर हवा होता. प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी १९३० च्या एप्रिलमध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ एका शेतात खोदकाम करवून घेतलं. शेतकऱ्याचं पीक उपटून बरंच खोल गेल्यावर एक मादी आणि तिची अकरा पिल्लं सापडली. मादीने घाबरून एका पिल्लाचा जीव घेतला. उरलेल्यांतली काही पळाली, काही मेली. जी मोजकी जगली, त्यांची वीण वाढत गेली. आज जगभर पिंजऱ्यांत असलेले बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एकाच बिळातल्या भावंडांचे वंशज आहेत. तुमच्या घरातलासुद्धा. दुकानात बुटके, राखाडी हॅमस्टर मिळतात त्यांची जात वेगळी, ते थंड प्रदेशातले. मी बोलते आहे ते सोनेरीबद्दल.

आणि आपलंही त्याच्याशी एक नातं आहे. कोरोनाची लस आठवते ना? कोव्हॅक्सिन माणसांना देण्याआधी ज्या प्राण्यांवर तपासली गेली त्यांत हेच सीरियन हॅमस्टर होते, आणि ते काम आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झालं. तो विषाणू हॅमस्टरच्या फुप्फुसात माणसासारखाच आजार करतो, म्हणून त्याची निवड झाली. आपल्यापैकी किती जणींनी दंडावर ती सुई घेतली. त्या सुईमागे हा मठ्ठ म्हणवला जाणारा जीवही होता.

आता हुशारीकडे येते.

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा विद्यापीठात आरियान एतियेन नावाच्या बाईंनी कितीतरी वर्षं हॅमस्टरचाच अभ्यास केला. त्यांचा एक प्रयोग सांगते. खोलीभर मोठं गोल रिंगण. कडेला हॅमस्टरचं घर. मध्यभागी दाणे. खोलीत मिट्ट काळोख. हॅमस्टरला आमिष दाखवत वाकड्यातिकड्या वाटेने मध्यभागी न्यायचं. तो तिथे गालात दाणे भरतो, आणि भरले की घराकडे निघतो. कसा निघतो? आला त्या वाकड्या वाटेने नाही. सरळ, घराच्या दिशेने.

तुम्ही म्हणाल, वासाने जात असेल. बाईंनाही तीच शंका. म्हणून तो मध्यभागी दाणे भरत असतानाच त्यांनी घरासकट रिंगणाची कड फिरवून ठेवली. हॅमस्टर मात्र घर आधी जिथे होतं, त्याच बाजूला गेला. म्हणजे तो वास घेत नव्हता. बाहेर पडल्यापासून किती चाललो, कुठे कुठे वळलो, याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता, आणि त्या हिशेबावरून त्याने परतीची वाट काढली. वळणं फार झाली की त्या हिशेबात चुका साठत जातात, हेही बाईंनी दाखवलं. उजेड असला आणि एखादी ठळक खूण दिसली, तर तो ती खूण पाहून हिशेब सुधारतो.

लाइट गेल्यावर आपण अंधारात चुलीपासून देवघरातल्या काडेपेटीपर्यंत जातो ना, न अडखळता, मधे झोपलेल्या लेकराला पाय न लावता? तसंच काहीसं. फरक एवढाच की आपण रोजच्या घरात जातो, तो अनोळखी वाटेवरून परत येतो. तोंडात सामान घेऊन. डोळे त्याचे अधू, लांबचं नीट दिसत नाही. तरीही.

एक अवांतर गोष्ट. आमच्या एका गटात एक आजी आहेत. सही येत नाही, अंगठा देतात. पण कोणीचा कुठल्या महिन्याचा हप्ता राहिला, कोणीने किती कर्ज उचललं आणि त्यातलं किती फिटलं, हे सगळं त्यांच्या तोंडावर असतं. वही लिहिणारी मुलगी बारावी पास आहे, ती आजींना विचारून बेरीज तपासते. बँकेच्या एका माणसाने एकदा आजींना "यांना काय कळतं" असं म्हटलं होतं. तो कागदावर बघत होता, आजींचं खातं कागदावर नव्हतंच. हॅमस्टरबद्दल वाचताना मला सारख्या त्या आजी आठवत होत्या. (आजी ऐकत असतील तर रागावू नका, उंदराशी तुलना नाही केली.)

तर वाट झाली. आता ओळख. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट जॉन्स्टन यांनी हॅमस्टरच्या नाकाचा अभ्यास केला. हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर वासाच्या गाठी असतात, आणखीही जागी असतात. प्रत्येकाचा वास वेगळा, आणि दुसरा हॅमस्टर त्या वासांवरून तो नेमका कोण हे ओळखतो. नर किंवा मादी एवढंच नाही, अमुकच. एका नराला दुसऱ्याने मारामारीत हरवलं, तर हरलेला पुढे त्या एकालाच टाळतो, अनोळखी नराला तितका टाळत नाही. म्हणजे कोणाकडून मार खाल्ला, हे त्याच्या लक्षात आहे.

म्हणूनच तो तुमच्या हाताला चावतो त्याचाही विचार करा. कांदा चिरून, मासळी धुऊन, नाहीतर नवाच साबण लावून हात घातला की त्याच्या दृष्टीने तो हात अनोळखी. रोज त्याच वेळेला, धुतलेला पण बिनवासाचा हात आत ठेवून नुसतं थांबा. हलू नका, पकडू नका. काही दिवसांत तो त्या हाताला घराचा भाग समजायला लागतो. पोरांना हे जमत नाही, कारण त्यांना वरून झडप घालून उचलायचं असतं. वरून झडप म्हणजे त्याच्यासाठी घार.

वेळेचं तर विचारूच नका. काळोखात ठेवलेला हॅमस्टरसुद्धा रोज ठरल्या वेळेला चाकात पळायला लागतो, काही मिनिटांचाच काय तो फरक. त्याचं हे घड्याळ इतकं नेमकं असतं की शास्त्रज्ञांना त्यातला बिघाड चटकन दिसला. १९८८ मध्ये मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनेकर यांनी सांगितलं की एका हॅमस्टरचा दिवस चोवीस तासांचा नसून बराच तोकडा आहे, आणि हा गुण त्याच्या पिल्लांत उतरतो. काहींचा दिवस तर वीसच तासांचा निघाला. शरीरातलं घड्याळ आईबापांकडून रक्तात येतं, हे सस्तन प्राण्यांमध्ये इतकं स्वच्छ दिसलं ते या प्राण्यामुळे. आता ज्याचं घड्याळ रात्री आठनंतर सुरू होतं, त्याला आपण दुपारी बारा वाजता पाहुण्यांपुढे उठवतो आणि म्हणतो, बघा कसा सुस्त आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी उठवून पाढे म्हणायला लावले, तर तोही मठ्ठच दिसेल.

पण मी त्याची वकिली करते आहे म्हणून खोटं सांगणार नाही. पांढऱ्या उंदराइतकं हॅमस्टर शिकत नाही. पोपटासारखं तुमचं ऐकून बोलणं किंवा कुत्र्यासारखी माया लावणं याची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. खाऊच्या डबीचा आवाज ऐकून तो येईल, नाव ऐकून आला तर ते नाव आणि खाऊ यांची सांगड बसली म्हणून. मुताला तो आपणहून एक कोपरा ठरवून घेतो, तिथे जुनं वर्तमानपत्र ठेवलं की साफसफाई सोपी. एवढं पुष्कळ झालं. तो माणसाला खूश करायला घडलेलाच नाही. एकट्याने राहायचं आणि कोठार भरायचं, यासाठी घडला आहे.

मग तारा का चावतो? इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. स्वित्झर्लंडच्याच बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये एक साधी तपासणी प्रसिद्ध केली. काही हॅमस्टरना तळाशी १० सेंटिमीटर भुसा दिला, काहींना ४०, काहींना ८०. म्हणजे वीतभरही नाही, हातभर, आणि मांडीच्याही वर. वीतभरही थर नसलेले हॅमस्टर तारा सगळ्यांत जास्त चावत बसले. मांडीएवढा थर मिळाला त्यांनी आत बिळं खणली, आणि तारा चावणं पार कमी झालं. पुढे २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या संशोधकांना दिसलं की ज्यांना जास्त अंथरूण, चावायला वस्तू, लपायला जागा दिली, ते हॅमस्टर नवी आणि थोडी संशयाची गोष्ट समोर आली तरी जरा धीराने पुढे जातात. ज्यांच्याकडून हे सगळं काढून घेतलं, ते मागे राहतात.

आपल्याकडे पोपटाचा पिंजरा, तळाला पत्रा, त्यावर मूठभर लाकडाचा भुसा आणि समोर टीव्ही. खणायला काही नाही, साठवायला कोपरा नाही, डोळ्यांवर सारखा ट्यूबचा उजेड. ज्याची सगळी अक्कल बिळात आणि अंधारात आहे, त्याच्याकडून बीळ आणि अंधार दोन्ही काढून घेतले. मग तो तारा चावणार नाहीतर काय करणार?

याला पैसे फारसे लागत नाहीत. जुनी पत्र्याची पेटी किंवा मोठं प्लास्टिकचं टोपलं घ्या, वर जाळी बसवा. आत कागदाच्या पट्ट्या आणि बारीक कापलेली कोरडी तणीस हातभर भरा, दाबून भरा, म्हणजे बीळ ढासळत नाही. राईस मिलचा धुळीचा कोंडा नको, तो नाकात जातो. फुटक्या माठाचं खापर किंवा छोटं मडकं आडवं ठेवा. आपला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो आणि हॅमस्टरला तीस-बत्तीसच्या वर त्रास सुरू होतो. मातीचं भांडं गार राहतं. पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीवर. गूळ, चिक्की, गोळ्या-चॉकलेट देऊ नका. गालाच्या थैलीत चिकटून बसतं आणि जखम होते. ज्वारी, बाजरी, थोडे हरभरे, काकडीची फोड, पुरे.

हिवाळ्याचं नीट ऐका. विदर्भात थंडी पडली की गोंदियाचा पारा सगळ्यात खाली, हे दरवर्षी बातम्यांत येतं. खूप गारठा झाला की सोनेरी हॅमस्टर गाढ झोपेत जाऊ शकतो. अंग गार, श्वास इतका मंद की दिसत नाही. मेला समजून पुरू नका. अंग लाकडासारखं ताठ झालं नसेल तर मऊ फडक्यात घ्या, खोली हळूहळू गरम करा, मिशा हलतात का ते बघत बसा. चुलीपाशी एकदम नेऊ नका. शुद्धीवर आला की पाणी ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

आणि आता ते बांधीत सोडायचं. हा प्राणी कोरड्या मुलखातला. आपली बांधी पावसाळ्यात पाण्याखाली, धुऱ्यावर साप, वर घुबड. पिंजऱ्यात जन्मलेल्या, अंगाने सोनेरी आणि डोळ्याने अधू अशा जिवाला तिथे एक रात्रही काढणं कठीण. सांभाळणं होत नसेल तर ज्याला होईल अशा घरी द्या. त्याचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं असतं.

एक गोष्ट गटापुरती. एका ताईने कर्ज मागितलं होतं, हॅमस्टरची जोडी आणून पिल्लं विकायची म्हणून. तिने ऐकलं होतं ते बरोबर आहे, सोळा दिवसांत पिल्लं होतात आणि एका वेळी आठ-दहासुद्धा. पण मोठे झालेले सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात नांदत नाहीत. मादी नराला फाडते, आणि घाबरली की पिल्लं खाते. प्रत्येकाला वेगळी पेटी लागते. शिवाय २०१८ पासून पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्राचे नियम आहेत, नोंदणीशिवाय विक्री चालत नाही. बैठकीत बायांनी हे सगळं मांडलं, खर्च लिहिला, आणि ताईने स्वतःच अर्ज मागे घेतला. तिने मग शिलाई मशीनसाठी पैसे उचलले.

ज्यांच्या घरी हॅमस्टर आहे त्यांनी आज रात्री एक करून बघा. घरातली सगळी दारं-खिडक्या, मोरीचं भोकसुद्धा बंद करा, मांजर बाहेर. पेटीचं झाकण उघडून बाहेर यायला एक फळी लावा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ज्वारीचे वीस दाणे मोजून ठेवा. दिवा मालवा, टॉर्चला लाल पन्नी गुंडाळा, आणि पोरांना घेऊन कोपऱ्यात गप्प बसा. जाताना तो भिंतीभिंतीने, हुंगत, थांबत जाईल. गाल भरल्यावर परत कसा येतो, ते बघा. सकाळी त्याचं कोठार उपसू नका. वरची तणीस अलगद बाजूला करून दाणे मोजा आणि पुन्हा झाकून ठेवा.